पाटीखालची भाजी

धसईच्या अलीकडे धाकलूचं शेत रस्त्याला लागून आहे, म्हणून ‘विषमुक्त शेती गट’ ही पाटी त्याच्या बांधावर लागली. तसा त्याचा हक्कही होता. शेण, गोमूत्र आणि गूळ पिंपात ढवळत तो एकटाच उभा असायचा, तेव्हा गाव वाऱ्याची दिशा बघून त्याच्याकडे यायचं. पुढे त्याचं भात बघून एकेक घर गटात आलं. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सगळे एकमेकांच्या शेतात राबू लागले, मजुरांवाचून कुणाचं अडेना.

यंदा धाकलूचे गुडघे गेले. बसून बांधावरचं गवत कापणं होईना, आणि गटाच्या म्होरक्याने ‘माझा बांध कापून द्या’ म्हणायचं कसं? त्याने मुरबाडहून तणनाशक आणलं आणि गाव जेवत असताना पाटीखालच्या बांधावर मारलं. पाटीच्या खांबाला चार थेंब लागले, ते पुसले.

तणनाशकाला घाई नसते. गवत काही दिवस हिरवंगार दिसतं, मग पिवळं पडतं. दुसऱ्या सकाळी डोंगरावरच्या वाडीतली हिरी दारात उभी. डोक्यावरच्या टोपलीत कुर्डूची कोवळी भाजी. बांधावरची रानभाजी खुडायला इथे कुणी कुणाला विचारत नाही. धसईच्या बाजाराला जाताना पहिली जुडी हिरी धाकलूकडे टाकते, तीही न विचारता.

“तुमच्याच बांदाची हाय, दादा.”

सांगावं तर पाटी गेली. न सांगावं तर ही भाजी बाजारात जाणार. धाकलूला मधला मार्ग सुचला.

“सगळीच दे.”

“सगळी? पावनं आल्यात का?”

“आल्यात.”

हिरी खूश होऊन गेली. धाकलूने भाजी परसात खड्डा करून पुरली. बायको देवकी ओटीवरून बघत होती.

“पावनं जेवलं का?” तिने विचारलं.

पुढच्या सकाळी हिरी दोन टोपल्या घेऊन आली. असं गिऱ्हाईक कोण सोडतो?

“पावनं हायेत ना अजून? घरी पन ठेवली थोडी. सून रांधील आता.”

धाकलूने टोपली धरली. “हिरी, घरी फोन लाव. रांधू नको म्हणावं. मी औषध मारलंय बांदावर.”

हिरीने फोन लावला, आपल्या बोलीत सुनेला दोन शब्द सांगितले. “चुलीवर व्हती,” ती म्हणाली. “उतरवली.”

“दुसरा बांद नव्हता का गो?” धाकलू पुटपुटला आणि आपल्याच बोलण्याने खाली बघू लागला.

“कोन मारतो, कोन नाय, आमाला काय ठावं? आमी पाटी बगून येतो.”

धाकलूने परसातला कालचा खड्डा पुन्हा उकरला, तिने टोपल्या त्यात रिकाम्या केल्या. चुंबळीची लाल चिंधी सोडली आणि जाता जाता पाटीच्या खांबाला बांधली, वाडीतल्या बाकी बायांना कळावं म्हणून.

चिंधी सोडायला धाकलूचा हात होईना. दुपारी गटातला साईनाथ पाटीपाशी थांबला. “काय धाकलूदादा, नवस बोललास का?”

आता सांगायला पाहुणेही उरले नव्हते. धाकलूने सगळं सांगितलं. साईनाथ ऐकून घरी गेला, विळा घेऊन आला आणि धाकलूच्याच शेताच्या पलीकडच्या बांधावर गवत कापायला बसला.

“येवढंच व्हतं, तर बोलायचं ना,” तो मान वर न करता म्हणाला.

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर धाकलूला बरं वाटलं असतं.