पहिल्या पानाच्या तळाशी

आमच्या युवक मंडळाची वेबसाइट मी बनवली, तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. बाबांचं हिंगणघाटला कापडाचं दुकान. वर्ध्याला कॉम्प्युटर क्लासला जायची परवानगी त्यांनी फार कुरकुरत दिली होती. मंडळ रक्तदान शिबिरं घ्यायचं. मी आणि माझी एक मैत्रीण आसपासच्या गावांतल्या मुलींना सायकल शिकवायचो. मंडळाचा सचिव आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा; त्याला आम्ही दादा म्हणायचो, आणि मी तर त्याला राखीही बांधायचे.

वेबसाइट करायची हे त्याच्याच डोक्यात आलं. कशी करायची, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी कागदावर पान आखून दाखवलं. वर मंडळाचं नाव, डावीकडे यादी, मधे मजकूर. त्याला काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं हवी होती, तीही पळणारी.

"दादा, पळत्या अक्षरात फोन नंबर कोण वाचेल?" मी म्हटलं. "माणूस पान उघडतो तेव्हा त्याला तीनच गोष्टी पाहिजेत. हे कोण आहेत, काय करतात आणि यांना भेटायचं कुठं."

त्यानं ऐकलं. दोन महिने मी मंडळाच्या खोलीत बसून काम केलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मराठी फॉन्ट नसला की अक्षरांची भेळ व्हायची, म्हणून सगळे मथळे मी चित्रं करून टाकले. पान उघडायला वेळ लागू नये म्हणून फोटो लहान केले. मैत्रीण रोज शेजारी बसून मजकूर वाचून दाखवायची. पान कुठं उघडलं नाही, की माझ्याआधी तीच हळहळायची.

दादा एकदा म्हणाला, "पयल्या पानाच्या खाली तुह्यं नाव टाकजो. मेहनत तुही हाय." मी बारीक अक्षरात टाकलं. सचिव म्हणून त्यानं पासवर्ड मागितला, तो मी दिला. न देण्याचं कारणच नव्हतं.

उद्घाटनाला पाहुणे आले, भिंतीवर पडदा लावला. पान उघडलं आणि दादानं सावकाश खाली सरकवलं. तळाशी लिहिलं होतं, संकल्पना व निर्मिती, आणि पुढे त्याचं नाव. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. हात आपोआप हलतात, मीही वाजवल्या.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "दादा, माझं नाव काऊन काढलं?"

"अवं, तू तं घरचीच हायेस. घरच्या माणसाले नाव कायले पाह्यजे?" तो हसत म्हणाला. "आन् पाहुण्याईले सचिवाचंच नाव दाखवा लागते."

मी मैत्रिणीकडे वळले. "तू तं सांग, कोणी बनवली ते."

ती खुर्च्या गोळा करत होती. एकावर एक खुर्ची ठेवत राहिली. वर पाहिलंच नाही तिनं. दादाचं बोलणं मला तिथंच झोंबलं, पण तिचं गप्प राहणं मी घरी घेऊन आले.

महिन्याभरानं ती दुकानात आली. साइटवर दादानं नव्यानं लावलेल्या फोटोंच्या जागी, सायकल शिकणाऱ्या मुलींच्या पानावरही, रिकामे चौकोन आणि लाल फुल्या येत होत्या. "दादाच्या कॉम्प्युटरवर बराबर दिसते, बाकी कुठंच नाई दिसत. तुले बोलावून राह्यला तो."

"त्या दिवशी तू काऊन नाई बोलली?"

ती काउंटरवरचं कापड चाचपत राहिली. "त्यानं मले कमिटीत घेतो म्हणलं होतं."

"मंग घेतलं?"

"हो."

कपाटातले गठ्ठे उगाच सरळ करत मी तिला सांगितलं, की दादानं फोटो साइटवर चढवलेच नाहीत. त्याच्याच कॉम्प्युटरचा पत्ता दिलाय, म्हणून ते फक्त त्यालाच दिसतात. फोटो साइटच्या फोल्डरमधे टाका, पत्ता बदला. मी गेले नाही. सांगितलं तेवढंही, खरं तर, सायकलवाल्या मुलींचं पान बिघडलं होतं म्हणून.

"लिहून देतेस का?" तिनं विचारलं. बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिलं. तो कागद घेऊन ती गेली, आणि नंतर आम्ही भेटलो ते फक्त रस्त्यात, मान हलवण्यापुरत्या.

पुढे वर्ध्याला मला हेच काम मिळालं. पुष्कळ वेबसाइट बनवल्या. मंडळात मात्र कुठल्याच गेले नाही. बोलावणी यायची, तेव्हा कामाचं निमित्त सांगायचे.