गेटावरचा मालक

विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा भामा पन्नाशीच्या पुढे गेली होती. बदल्यात पनवेलजवळ जो भूखंड मिळाला त्यावर मुलाने, हृतिकने, चार मजले चढवले. तळमजल्यावर घरचे राहिले, वर भाडेकरू आले. बघता बघता आजूबाजूला टॉवर उठले, मेडिकल आलं, जिम आली. कोण कुठून आलं, कोण सोडून गेलं, भामाला कळेनासं झालं. पुढे तिने विचारणंही सोडलं.

नवरा, भगवान, दिवसभर गेटाजवळ खुर्ची टाकून बसायचा. जन्मभर भातशेती केलेला माणूस, त्याला घरात करमत नसे. येणारेजाणारे त्याच्या हातात पार्सलं द्यायचे, गाडी काढायची झाली की गेट उघडायला सांगायचे. तो उघडायचा.

"तुमी सांगत का नाय, घर आमचा हाय म्हणून?" भामा एकदा म्हणाली.

"सांगून काय करू? बसलेलोच हाय."

फाल्गुनात तो झोपेतच गेला. गावचे लोक आता ठिकठिकाणी पांगलेले. ते पत्ता विचारत रिक्षाने आले. भामा रडेल म्हणून बायका तिच्याजवळ बसून राहिल्या. ती रडली नाही. तिन्हीसांजेला त्याही उठल्या.

तेराव्यानंतर तिसऱ्या मजल्यावरच्या ऋचाने हृतिकला सहज विचारलं, "नवा वॉचमन कधी येतोय?"

"वॉचमन नव्हता. माझे वडील होते ते."

त्याच संध्याकाळी ऋचा खाली आली. दारातूनच म्हणाली, "आजी, मला खरंच माहीत नव्हतं. दिवाळीत मी त्यांना मिठाईचा पुडा दिला होता, वॉचमन म्हणून."

"खाल्ली आमी," भामा म्हणाली. "बस."

चहा झाल्यावर, काहीतरी बोलायचं म्हणून ऋचाने विचारलं, "तुमचं गाव कुठे होतं?"

भामा तिला गच्चीवर घेऊन गेली. पूर्वी कुठूनही डोंगर दिसायचा आणि त्याच्या पायथ्याशी घर, एवढं पुरे असायचं. तो डोंगर तोडून कधीच सपाट केला होता. चहूकडे इमारती आणि क्रेन. भामा एका बाजूला वळली, मग दुसऱ्या. दिशाच लागेना. आता तरी गलबलून येईल असं तिला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही.

शेवटी तिने हात उचलून एक बाजू दाखवली. "तिकडं."

ऋचा बराच वेळ तिकडे बघत राहिली. भामाने दोरीवरचे वाळलेले कपडे ओढून खांद्यावर टाकले आणि ती जिना उतरू लागली.