मागावरचे ओठ

आज सकाळी माझ्या खोलीत नव्या चादरीची घडी मोडली आणि खळीचा वास आला. मनाच्या आजारातून सावरताना दवाखान्यातल्या ताईंनी मला सोलापूरच्या एका कारखान्यात चादरींच्या घड्या घालायचं काम मिळवून दिलं होतं. पहिल्याच दिवशी बघितलं, तर यंत्रमागांच्या खडखडाटात सगळ्यांचे ओठ हलत होते आणि आवाज कुणाचाच येत नव्हता. मला इतकी वर्षं तोंडाविना आवाज ऐकू यायचे. हे उलटंच होतं. मी हातातली चादर खाली ठेवली.

शेजारच्या मावशी कानाशी वाकल्या. "भिऊ नगंस. मागावर आमी ओठ बघूनच बोलतो की."

तेव्हापासून मीही आधी ओठ बघतो.

आत्ता मागून कुणीतरी विचारलं, "जेवलास का?" मी वळलो. खोलीत कुणीच नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, चादर अंथरली.