तांदूळ बापानं आणायचे

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा आमची फारकत झाली. चूक माझ्या तिखट जिभेची होती, हे आज कबूल करतो. तेव्हा मेलो तरी केलं नसतं. पाच वर्षांची मुलगी आईबरोबर आजोळी राहील, मी दर महिन्याला चार पायल्या तांदूळ द्यायचे, कपडे आणि औषधपाणी निम्मंनिम्मं, असं पंचांनी ठरवलं. मी लगेच मान डोलावली. तेवढ्यात सासरा म्हणाला, "तांदूळ गाडीवर नाई पाठवायचे. बापानं सोता आणून द्यायचे."

तीन कोस जंगलवाट, आणि माझ्या डोक्यावर पोतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच महिन्यात मी मुद्दाम एका गाडीवानाकडे तांदूळ दिले. संध्याकाळी पोतं जसंच्या तसं परत आलं.

मग मीही हट्टाला पेटलो. महिन्याच्या पहिल्या बाजाराला सकाळीच निघायचो. वाटेत वाघाच्या पंजांचे ठसे दिसले की मोठमोठ्यानं खोकत चालायचो. मुलीची आई माझ्याशी बोलत नसे. ती भिंतीकडे पाहून म्हणे, "पोरीच्या खोकल्याची दवाई आणली. निम्मे द्याले सांगा." मी ओट्यावर बसून भिंतीलाच उत्तर देई. मुलगी आधी दाराआडून बघायची. पुढे पुढे ती गावाबाहेर, गुरं जमतात त्या आखरावर येऊन माझी वाट पाहू लागली.

दुसऱ्या वर्षी ऐन रोवणीत, भातलावणीच्या दिवसांत, मला हिवतापानं धरलं. भाताच्या बांध्या पडीक राहिल्या. दिवाळीनंतर घरात खायलाच धान नव्हतं. रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ? दोन महिने गेलोच नाही.

तिसऱ्या महिन्यात भरदुपारी मुलीची आई एकटीच माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. मी आजाराचं सांगितलं, धान नाही म्हणालो. फारकतीनंतर पहिल्यांदाच तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तांदूळ मी कोनाच्याबी बांधीत राबून आणीन," ती म्हणाली. "पोरीले बाप कुठून आणू? दर बाजाराले आखरावर जाऊन बसून राह्यली ते."

पाणीही न घेता ती परत गेली. मला स्वतःची फार लाज वाटली.

पुढच्या बाजाराला निघालो, तर शेजाऱ्यानं हटकलं, "काऊन भाऊ, आज पोतं नाई? काय नेऊन राह्यला मंग?"

"काई नाई," मी म्हणालो. "मी जाऊन राह्यलो."