नमुन्यानं नमुन्याले हात लावू नये

मंदाताई अचानक गेल्याचा फोन आला तेव्हा मी केनवडच्या बाजारात मासोळी घेत होतो. हातात पिशवी धरून तसाच उभा राहिलो... आमच्या तलावात जाळं टाकणारे शंकरकाका शेवटी म्हणाले, "घरी जाय बावा. ताईले लय आवडे ना ही मासोळी."

ताई माझी चुलतबहीण. शहरातल्या प्रयोगशाळेत ती मासे आणि मटण तपासायची. तव्याला काही चिकटू नये, रेनकोट भिजू नये म्हणून जी फ्लोरिनची रसायनं वापरतात, ती म्हणे कुजत नाहीत, विरत नाहीत. पाण्यातून माशात आणि माशातून आपल्या अंगात येऊन बसतात. "पाहुण्यासारखी?" मी विचारलं होतं. "तुह्यासारखी," ताई म्हणाली. "आली का जायचं नावच घेत नाहीत." मी दर उन्हाळ्यात महिनाभर तिच्याकडे मुक्काम ठोकायचो, हे इथे कबूल केलेलं बरं.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी मोबाइलवर सोडून दिलं, की आमच्या तलावातली मासोळी विषारी झाली. झालं! काकांची टोपली जशी भरलेली बाजारात जायची, तशीच परत यायची. ते शहरात ताईकडे गेले. "बाई, तूच पाहून सांग. जहर असंल तर जाळं टाकनं सोडतो मी." ताई सुट्टी काढून गावी आली, तिने तलावातले मासे डब्यात भरले, आमच्या फ्रीजरमध्ये ठेवले आणि डब्यावर लिहिलं, 'नमुना'.

आता आमच्या घरात नमुना म्हणजे मी. लहानपणापासूनची पदवी आहे. मला वाटलं, ताईने आपला वाटा काढून ठेवला. संध्याकाळी तळून खाल्ला.

सकाळी ताई रिकामा डबा घेऊन समोर उभी. "काहून रे, खाल्ले?"

"माह्यं नाव होतं त्याच्यावर."

तिने डब्यावरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "कोन्त्या तव्यावर?"

"नॉनस्टिकच्या."

ताई मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

शिक्षा म्हणून दुसऱ्या खेपेला डबे धरायला मी. रेनकोट नको, क्रीम नको, नवे कपडे नको. त्यांतली तीच रसायनं नमुन्याला लागतात म्हणे. म्हणून वडिलांचा धुऊन धुऊन विरलेला सुती पायजमा घालून मी कमरेइतक्या पाण्यात. काठावरून काका म्हणाले, "बाई, यालेबी एकदा तपासून घे."

निकाल यायला बरेच दिवस लागले. तोवर काकांनी जाळ्याला हात लावला नाही. मोजता येण्याइतकं काहीच सापडलं नव्हतं. "हे याच तलावाचं, याच खेपेचं हाय," ताईने बजावलं. पण कागद वाचत बसली नाही. भर बाजारात काकांची मासोळी लोखंडी तव्यावर तळवून घेतली आणि उभ्याउभ्या चार तुकडे खाल्ले. पाचवा मला दिला. त्या दिवशी काका रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून घरी गेले.

परवा बायकोने फ्रीजर धुवायला काढला. दुसऱ्या खेपेला ताईने आत चिकटवलेली चिठ्ठी अजून तिथेच आहे: 'नमुन्यानं नमुन्याले हात लावू नये.'

"अहो, एवढी काढून द्या," बायको म्हणाली.

मी म्हटलं, "मी कसा काढू? वाच की काय लिहिलंय ते."