खोलीएवढी वाळू

परवा बाजारात सरूमावशी दिसली. कलिंगडांचा ढीग मांडून बसली होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपणहून सांगत होती, "बाबा, हे माझ्या वाडीचं नाही, आडतीवरून आणलंय."

मावशी आमच्या गावच्या भोयांतली. तिची वाडी गोदावरीच्या पात्रात असायची. पावसाळ्यानंतर पाणी ओसरलं की ती वाळूत आळी करून वेल लावायची आणि उन्हाळ्यात आम्ही मुलं तिथं हक्कानं कलिंगडं खायला जायचो. मग वाळूचोर आले. यंत्रं लावून त्यांनी पात्रच उपसून नेलं. मावशी चार बायकांना घेऊन ट्रॅक्टरपुढं उभी राहिली, तर ते मागं फिरले आणि पलीकडच्या काठानं उतरले. वाडीच्या जागी खड्डे उरले. गावच्या विहिरीही आटल्या.

"मग आता गं?" मी विचारलं.

तिचा चेहरा खुलला. "औंदा पुरानं थोडी वाळू आणून टाकलीय. खोलीएवढीच आहे, पण लावलेत वेल. येतोस बघायला?"

गेलो. खड्ड्यांच्या कडेकडेनं तिनं मला सांभाळून नेलं. एका पानाआड मुठीएवढं कलिंगड धरलं होतं. मी कौतुकानं बोट पुढं केलं, तसं तिनं माझं मनगट पकडलं.

"बोट दाखवू नकोस रे, कुजतं. मुडपून दाखव."

अख्खी नदी उपसली जाताना पाहिलेल्या या बाईला माझ्या एका बोटाची धास्ती वाटत होती. मी बोट मुडपून ते फळ दाखवलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसलो.