डोंग्याच्या तळाचं शेवाळ

कॉलेजसाठी शहराजवळ वाडीला घेतलेल्या खोलीवरून मी शनिवारी गावी आले, तेव्हा मोठेबाबांनी डोंगा काठावर उलटा घातला होता. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. कळमेश्वरकडच्या तलावात आमचं सगळं घर मासेमारी करतं. कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

पूर्वी डोंग्याला डांबर लागायचं. मागच्या वर्षी मोठेबाबांनी शहरात सदरमधल्या एका दुकानातून समुद्रातल्या बोटींचा लाल रंग आणला. त्यावर शेवाळ धरत नाही म्हणे. खरंच यंदा शेवाळ थोडंच होतं. मोठेबाबा ते खुरप्यानं खरवडत होते, आई घमेल्यात भरत होती.

ते घमेलं कुठं जाणार हे मला ठाऊक होतं. माशांचं बीज आणलं की आम्ही ते काठाजवळ बारीक जाळीच्या पेटीत, हाप्यात ठेवतो. पिल्लं बोटाएवढी झाली की तलावात सोडतो. तोवर डोंग्याच्या तळाचं कोवळं शेवाळ त्यांना घालायचं, ही आजोबांपासूनची पद्धत. वर्षाची मासळी त्या हाप्यातूनच येते.

घमेल्यात हिरव्यापेक्षा लाल चुरा जास्त होता. मी रंगाचा डबा शोधून पाहिला. त्यावर मेलेल्या माशाचं चित्र होतं. आमच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या बाटलीवर तसंच आहे.

"आई, ते टाकू नको."

"सकाळीच एक घमेलं टाकलं ना. काहून वं?"

विष आहे म्हणावं, तर किती आहे हे मला माहीत नव्हतं. "मले वाटते, या रंगात तांबं असन," एवढंच म्हणाले.

"तांब्यातलं पाणी तं लोक मुद्दाम पेते," मोठेबाबा म्हणाले. "पोरगी कॉलेजात गेली अन् रंगाले भिऊन राहिली."

"डब्यावर मेला मासा आहे, मोठेबाबा."

"बराबर आहे. मासे पकडाच्या बोटीचाच रंग आहे ना तो."

आई हसली. मीही कसनुशी हसले. मग धीर करून म्हणाले, "संत्र्याच्या झाडाले मोरचूद लावते ना, त्यातलंच तांबं."

मोठेबाबांचं खुरपं थांबलं. बगीचेवाले मोरचुदाचे ड्रम तलावात धुवायला आले होते, तेव्हा मासे मरतील म्हणून त्यांना हाकलून लावणारे मोठेबाबाच होते.

"तुले पक्कं माहीत आहे?"

"नाही. पक्कं नाही."

ते तसेच पाण्यात उतरले आणि त्यांनी हाप्याचा कोपरा उचलला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. काही पोट वर करून तरंगत होती. उकाड्यानंही तसं होतं, असं मी मनाला सांगितलं.

"दुसरी बाजू धर," ते म्हणाले.

आम्ही हापा हळूहळू ओढत पार समोरच्या काठाला नेला. मागून आईनं हाक मारली, "अन् हे घमेलं कुठं रिकामं करू वं?"

शेतात? नाल्यात? "पोत्यात भरून ठेव," मी म्हणाले. सकाळचा चुरा मात्र केव्हाच गाळात बसला होता.

मोठेबाबांनी खुंट्या ठोकायला दगड उचलला आणि थांबले. "इथं चालन का?"

आजवर त्यांनी मला असं काही विचारलं नव्हतं. तलाव तोच होता, पाणी तेच होतं. याहून लांबचा काठ आमच्याकडे नव्हता.

"ठोका," मी म्हणाले, आणि पाण्यात वाकून पिल्लांकडे बघत राहिले.